गरम जॉब मोजायचा नसतो

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. सेकंड शिफ्ट आटपून रात्री पावणेबाराला पवननगरला घरी पोचलो, गाडी स्टँडवर लावली आणि तिच्यावरच बसून राहिलो. हेल्मेट डोक्यात, चावी हातात. समोर जिना, वर दुसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघराचा दिवा. उठायचं होतं, पण पाय ऐकेनात. थोड्या वेळाने बायकोचा फोन आला, "अहो, गाडीचा आवाज येऊन अर्धा तास झाला. खाली कोणाशी बोलत बसलात?"

कोणाशीच नाही. म्हणजे बोलत होतो, पण स्वतःशी, आणि जे बोलत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. गाड्यांना लागणारे बारीकसारीक पार्ट आमच्याकडे बनतात, ते मापात आहेत की नाही हे बघायचं माझं काम. मार्चमध्ये माझं जे झालं होतं ते बर्नआउट; त्यातून माणसात यायला मला जवळपास वर्ष लागलं. सुटी घेतली, बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या घेतल्या, सकाळी पांडवलेणी चढायला लागलो. सगळ्याचा थोडा थोडा उपयोग झाला. पण गाडी खरी रुळावर आली ती स्वतःशी बोलायची भाषा बदलल्यावर. ती कशी बदलली आणि मी कुठे कुठे फसलो, ते सांगतो. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. ज्याने हे स्वतःवर करून पाहिलं असा एक माणूस आहे, एवढंच.

मानसशास्त्रात याला सेल्फ-कम्पॅशन म्हणतात. मराठीत 'आत्मकरुणा' असं लिहिलेलं दिसतं. करुणा म्हटलं की मला कीर्तनाचा मंडप दिसतो, म्हणून घरात मी 'स्वतःवर माया' म्हणतो. शॉप फ्लोअरवर तेही म्हणत नाही. तिथे नुसतं 'गरम जॉब' म्हणतो. का ते पुढे येईल.

आधी हे काय आहे ते बघा

दमलेला माणूस रविवारी दहापर्यंत झोपतो, मिसळ खाऊन येतो आणि सोमवारी बरा असतो. माझा रविवार संध्याकाळी चारलाच संपायचा. चारनंतर पोटात गोळा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या अकराव्या यादीत बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणं दिली आहेत. अंगातली ताकद संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. माझ्यात तिन्ही होती, पण मी पहिलंच धरून बसलो होतो. मन तुटलंय हे मला कळलं ते एका पोराच्या प्रश्नामुळे. नवीन ट्रेनी होता, त्याने विचारलं, "सर, हा पीस रिजेक्ट का केला?" आणि मी म्हणालो, "तुला काय करायचंय." पंधरा वर्षांत असं उत्तर मी कोणाला दिलं नव्हतं. शिकवणं ही या कामातली माझी आवडती गोष्ट.

पुढे जायच्या आधी दोन गोष्टी करून घ्या. एक, रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-ट्वेल्व्ह, डी. यातलं काही कमीजास्त असलं तर नुसत्या मायेने भागत नाही. दुसरं, नीट बघा की मन फक्त कामावरून उडालंय की सगळ्यावरूनच. घरी, मित्रांत, आवडीच्या जेवणात, कशातच राम वाटत नसेल आणि असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं, त्याला डॉक्टर लागतो. जगणं नकोसं वाटत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि १४४१६ लावा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं.

चार दिवस फक्त लिहून काढा

पहिलं काम सोपं आहे आणि फार वाईट आहे. एक छोटी वही खिशात ठेवायची आणि दिवसभरात आपण स्वतःला जे जे म्हणतो ते जसंच्या तसं उतरवायचं. सुधारायचं नाही, सभ्य करायचं नाही.

मी पॉकेट डायरी घेतली. पहिल्या दिवशीच्या नोंदी अशा होत्या. सकाळी ६:२०: 'उठ रे मुर्दाडा.' ८:४०, त्रिमूर्ती चौकात सिग्नलला: 'आजही उशीर. लाज नाही.' ११ वाजता, मीटिंगमध्ये एक आकडा आठवेना तेव्हा: 'डोकं गेलं तुझं. आता घरीच बस.' रात्री मुलीने गणित विचारलं आणि मी 'उद्या बघू' म्हणालो: 'बाप म्हणूनही नापास.'

चार दिवसांत ३१ नोंदी झाल्या. शुक्रवारी रात्री त्या वाचताना मला एक गोष्ट दिसली. एकाही नोंदीत माहिती नव्हती. उशीर का झाला, आकडा का आठवला नाही, काही नाही. नुसता निकाल. आमच्याकडे गो–नो गो गेज असतो, त्याची 'गो' बाजू भोकात गेली आणि 'नो गो' बाजू नाही गेली तर पास, नाहीतर नापास; पीस किती चुकलाय हे तो सांगत नाही. मी दिवसभर स्वतःवर तोच चालवत होतो.

ही वही कोणाला दाखवू नका. मी बायकोला दाखवली, तर ती दोन पानं वाचून उठून आत गेली. नंतर म्हणाली, "ऑफिसात कोणी तुम्हाला असं बोललं असतं तर मी तिथे येऊन भांडले असते."

'माणसाची चूक' हे कारण चालत नाही

आता मार्चमध्ये नेमकं काय झालं ते सांगतो, कारण माझी युक्ती त्यातूनच आली.

आमच्या एका पार्टचं भोक लहान राहिलं. एक-दोन नव्हे, अख्खा लॉट. ग्राहकाच्या असेंब्लीत पिन बसेना, तिथली लाइन थांबली. आम्ही दोघं-तिघं रातोरात सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणला गेलो आणि दोन दिवस त्यांच्या गोदामात बसून एकेक पीस वेगळा केला. परत आल्यावर एट-डी रिपोर्ट लिहायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तक्रार आली की ती का आली आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं, हे आठ टप्प्यांत लिहून द्यावं लागतं. त्यात मूळ कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'क्वालिटी इंजिनिअरचं दुर्लक्ष.' म्हणजे मी. मला वाटलं, चला, निदान प्रामाणिकपणा तरी दिसेल.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाकडच्या माणसाचा फोन. "रिपोर्ट परत पाठवतोय. हे रूट कॉज आम्ही घेत नाही. माणूस चुकतोच, ते कारण नसतं. का चुकला ते लिहा."

आणि गंमत बघा, हे मला माहीत होतं. ऑपरेटरचं नाव कारणात लिहू नका हे गेली दहा वर्षं मीच पोरांना शिकवत होतो. कोणी 'ऑपरेटर निष्काळजी' असं लिहून आणलं की मी कागद परत द्यायचो, आणखी पाच वेळा 'का' विचारून ये म्हणायचो. फक्त तो नियम स्वतःला लावायचं कधी सुचलं नव्हतं.

मग बसून खाली उतरत गेलो. लहान भोक पास का झालं? भोक तपासायच्या त्या गेजची, प्लग गेजची, 'गो' बाजू झिजलेली होती, झिजून बारीक झालेला गेज लहान भोकातही जात होता. झिजलेला गेज वापरात का राहिला? त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे गेज स्वतः मापात आहे का याची तपासणी, तिची तारीख तीन आठवडे उलटून गेली होती. का राहून गेलं? ते ज्याच्याकडे होतं तो सहकारी नोव्हेंबरात सोडून गेला. त्याचं काम कोणाकडे गेलं? माझ्याकडे, पण यादी करून, हातात देऊन नाही; असंच, वाऱ्यावर. नवीन माणूस का नाही घेतला? भरती बंद होती.

पाचव्या 'का'पाशी पोचलो तेव्हा मूळ कारणात माझं नाव कुठेच नव्हतं. माझा भाग होता. नोव्हेंबरात मी 'हे एकट्याने होणार नाही' असं लेखी द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. पण 'भाग असणं' आणि 'मुर्दाड असणं' यात चाकण-नाशिकएवढं अंतर आहे.

तर कृती अशी. वहीतली एक नोंद घ्या. ती तुमच्याच हाताखालच्या, तुम्हाला आवडणाऱ्या माणसाने आणलेला रिपोर्ट आहे असं समजा आणि परत पाठवा. खाली तीन ओळी लिहा. नेमकं काय झालं, शिवी न देता. का झालं, निदान तीन वेळा 'का' विचारून. आणि आजच्यापुरती सोय काय, मोठा उपाय नाही, फक्त आजची. माझी गणिताची नोंद बदलून अशी झाली: 'मुलीने साडेनऊला गणित विचारलं, मी उद्या बघू म्हणालो. बारा तास उभा होतो, डोळे मिटत होते. रविवारी सकाळी तासभर तिच्याजवळ बसायचं, आणि हे तिला आत्ताच सांगायचं.' सांगितलं. तिला काही वाटलंही नव्हतं, ती मैत्रिणीला विचारून मोकळी झाली होती.

रोज एकच नोंद. सगळ्या ३१ एका बैठकीत उरकायला गेलात तर ती आणखी एक पेंडिंग लिस्ट होते. मी केलं होतं ते.

गरम जॉब

आमच्याकडे मोजमापाची एक खोली आहे, तिच्यात सीएमएम, म्हणजे पार्टची बारीक मापं घेणारं मशीन. तिथला एसी बारा महिने २० अंशांवर. ही आमची हौस नाही, लांबी मोजायचं जगभरचं प्रमाण तापमानच २० अंश आहे. पार्ट बनवणाऱ्या मशीनवरून नुकता उतरलेला जॉब, म्हणजे तो पार्टच, गरम असतो, आणि गरम पोलाद फुगतं. १०० मिलिमीटरचा पीस २० अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण २३ मायक्रॉनने मोठा भरतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्या काही मापांना एकूण सूटच २५ मायक्रॉनची. म्हणजे चांगला पीस गरम असताना मोजला तर बाद ठरेल, आणि बाद असलेला पास होईल. म्हणून जॉब आणायचा, ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवायचा आणि निवू द्यायचा. घाई असली तरी. मॅनेजर डोक्यावर उभा असला तरी.

मी स्वतःला कधी मोजत होतो? रात्री पावणेबाराला, बारा तासांच्या ड्यूटीनंतर, उपाशीपोटी, गाडीवर बसून. आणि त्या मापावर विश्वास ठेवत होतो.

तेव्हापासून नियम केला. रात्री नऊनंतर स्वतःबद्दल कोणताही निर्णय नाही. भांडण झाल्यावर तासभर नाही. उपाशी असताना नाही. विचार येणारच, त्याला 'येऊ नको' म्हणून तो थांबत नाही. विचार आला की मनात म्हणायचं, 'जॉब गरम आहे, टेबलावर ठेव.' तोच विचार सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर पुन्हा काढायचा. दहापैकी सहा-सात वेळा सकाळी त्याच्यात दम नसतो. उरलेल्यांत असतो, आणि मग त्याचं खरंच काहीतरी करावं लागतं.

पायऱ्या चढण्याबद्दल एक सांगतो. सुरुवातीला मी त्यातही वेळ लावायला लागलो होतो. काल नऊ मिनिटं, आज साडेआठ. मग एक दिवस घड्याळ घरीच राहिलं आणि वर तिसऱ्या लेण्यापाशी नुसता बसलो. गौतमी बलश्रीचा लेख तिथे भिंतीवर आहे, मुलाचं कौतुक कोरून ठेवलंय तिने, गौतमीपुत्र सातकर्णीचं. आईने केलेलं कौतुक, दगडात! खाली हायवेला ट्रकांची रांग, अंबडची शेडं, त्यात कुठेतरी आमचं शेड. तिथून ते काड्यापेटीएवढं दिसतं. घड्याळ तेव्हापासून नेत नाही.

माया म्हणजे लाड नव्हेत

मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती. शिव्या बंद केल्या तर मी झोपूनच राहीन, आजवर जे काही केलं ते त्या चाबकाच्या जोरावरच, असं पक्कं वाटायचं.

आईचं बघा. पोराला ताप असताना ते वडापाव मागतं, आई देत नाही, मऊ भात देते. लाड म्हणजे वडापाव, माया म्हणजे मऊ भात. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत पडणं ही स्वतःवरची माया नाही, हे मलाही कळत होतं. आणि शिव्या हाही भात नाहीच.

२०१२ साली कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी याचीच परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना शब्दांची अवघड चाचणी दिली, ती बहुतेकांना जड गेली. मग काहींना सांगितलं, जड गेली असेल तर तुम्ही एकटे नाही, सगळ्यांना जाते, स्वतःला फार लावून घेऊ नका. बाकीच्यांना असं काही सांगितलं नाही किंवा नुसतं हुशार असल्याचं सांगितलं. दुसऱ्या चाचणीआधी अभ्यासाला वेळ दिला, तर पहिल्या गटाने जास्त वेळ अभ्यास केला. मला हे पटायला वेळ लागला नाही. ज्या ऑपरेटरवर ओरडलं जातं तो चुकीचे पीस लपवतो, ज्याच्याशी नीट बोललं जातं तो स्वतःहून दाखवायला आणतो. हे मी रोज बघत होतो.

आमचे अण्णा निफाड तालुक्यात असतात, तीन एकर द्राक्ष. एप्रिलात गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, चेहरा का उतरलाय. मी थोडंसं सांगितलं. ते म्हणाले, "माल उतरला की खरड छाटणीपर्यंत बागेला आपण काय मागतो? काही नाही. पाणी देतो, खत देतो. त्या महिन्यात तिच्या ओलांड्यात, म्हणजे आडव्या फांद्यांत, आणि खोडात जे साठतं ना, त्यावर पुढची फूट." मग विडी विझवली आणि म्हणाले, "तू मात्र स्वतःला बारमाही द्राक्ष समजतोस." अण्णांना सेल्फ-कम्पॅशन हा शब्द आजही माहीत नाही.

दोन मिनिटांचं काम

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली या विषयाची नीट मांडणी केली. त्यांच्या मते यात तीन गोष्टी येतात: जे दुखतंय ते आहे तसं ओळखणं, असं होणारे आपण एकटे नाही हे ध्यानात ठेवणं, आणि स्वतःशी जिव्हाळ्याने वागणं. यावरून एक छोटा सराव करतात. माझ्या भाषेत तो असा.

मीटिंगमधून बाहेर पडलो, छाती भरून आली, की सीएमएमच्या खोलीत जातो. तिथे थंड असतं आणि कोणी उगाच येत नाही. एक हात छातीवर ठेवतो. हे पहिल्यांदा केलं तेव्हा दार आतून लावून घेतलं होतं, इतकी लाज वाटली. श्वास घेतो आणि सोडताना थोडा लांबवतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हा शरीराचा धर्म आहे, श्रद्धेचा भाग नाही. असे पाच-सहा श्वास. मग मनात तीन वाक्यं:

'हे जड जातंय.'

'असं होणारा मी काही पहिला नाही.'

'आत्ता काय केलं तर बरं वाटेल?'

तिसऱ्याचं उत्तर बहुधा फार साधं येतं. पाणी. बसून चहा, उभ्याने नाही. त्या मेलचं उत्तर आत्ता नको, उद्या. एकदा 'बायकोला फोन' असं आलं, तर केला, ती म्हणाली, "काय झालं, पडलात का कुठे?" दुपारी फोन करायची सवयच राहिली नव्हती.

'मी खंबीर आहे, मी सर्वोत्तम आहे' असली वाक्यं म्हणू नका. मन लगेच पुरावा मागतं आणि आपण हरतो. 'हे जड जातंय' याला कोणी पुरावा मागत नाही.

दुसरं वाक्य मला फार दिवस नुसतं पोपटपंची वाटलं. मग एका दुपारी गरवारे पॉइंटच्या टपरीवर आमच्याच लाइनीतला, दुसऱ्या कंपनीतला एक ओळखीचा भेटला. सहज म्हणालो, हल्ली सकाळी उठवत नाही रे. तो कप खाली ठेवून म्हणाला, "भो, मी तर गेटपाशी येऊन दोनदा परत गेलोय." पाऊण तास बोललो. ते वाक्य त्या दिवशी खरं झालं. तेव्हा असा एक माणूस शोधा, कुठल्याही गटात सामील न होता, फक्त एक.

आणि एक इशारा, जो मला कोणी दिला नव्हता. हे सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत मला बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटायला लागलं. एकदा हात छातीवर ठेवला आणि रडूच आलं, थांबेना. दहावीत एका विषयात कमी गुण पडले तेव्हा वाड्यात सगळ्यांसमोर ऐकून घेतलं होतं, ते आठवलं, तीस वर्षांनी! बंद खोलीत आग धुमसत असते, दार उघडलं की वारा मिळून भडका उडतो, तसं हे असतं आणि ते नेहमीचं आहे. अशा वेळी खोलात जायचं नाही. डोळे उघडायचे, पायाचे तळवे जमिनीला टेकलेत ते जाणवू द्यायचं, तोंडावर पाणी मारायचं, कोणाशी तरी भाजीपाल्याचं बोलायचं. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर समुपदेशकाकडे जायचं. मी पाच वेळा गेलो, गंगापूर रोडला. कॉलनीत सांगितलं दातांचं काम चाललंय.

आता साहेबांकडे

हे राहिलं तर बाकीचं सगळं फुकट. दोन माणसांचं काम एक माणूस करत असेल तर छातीवर कितीही हात ठेवले तरी काम दोन माणसांचंच राहतं. बर्नआउटवर आयुष्य घालवलेल्या क्रिस्टिना मास्लाक आणि त्यांचे सहकारी सांगतात की गडबड सहा ठिकाणी असू शकते: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. या सहांपुढे एकेक ओळ लिहून बघा. माझ्या बाबतीत बोजा आणि ताबा हे दोन होते. माणसं चांगली होती. पगार बरा होता.

स्वतःवर माया करणाऱ्याला कधी कधी स्वतःसाठी भांडावंही लागतं. मी मात्र भांडलो नाही, कागद नेला. एका बाजूला नोव्हेंबरआधीची दोघांची कामं तासांसह, दुसऱ्या बाजूला आत्ताची एकट्याची. बेरीज आठवड्याला ७१ तास. खाली एकच वाक्य: 'यातलं कोणतं काम थांबवू ते सांगा.' 'मला झेपत नाही' असं म्हणालो असतो तर उत्तर मिळालं असतं, 'सगळ्यांनाच आहे.' 'कोणतं थांबवू' याला तसं उत्तर देता येत नाही. साहेब बराच वेळ कागद बघत होते. माणूस लगेच मिळाला नाही, जुलैत मिळाला. पण कॅलिब्रेशन त्याच आठवड्यात बाहेरच्या लॅबला गेलं आणि रविवारचे फोन अर्ध्यावर आले.

तुमचे साहेब ऐकणारे नसतील तर कागद तरीही करा. ती बेरीज स्वतःला बघायला लागते. काही जणांच्या बाबतीत नोकरी बदलणं हीच माया असते, पण तो निर्णयसुद्धा गरम असताना नको.

मग कसं चाललंय

पूर्ण सुटलो असं नाही. गेल्या महिन्यात ऑडिट झालं, दोन शेरे आले, दोन्ही माझ्या विभागावर. घरी येताना उत्तमनगरपर्यंत जुना आवाज मागच्या सीटवर बसून आला, 'मुर्दाडा'पासून सुरुवात करून. फरक इतकाच की मला तो ओळखू आला. जेवलो. दहाला झोपलो. सकाळी दोन्ही शेरे पुन्हा वाचले, त्यातला एक बरोबर होता, एकावर माझं म्हणणं होतं, ते लिहून दिलं.

वहीत त्या रात्रीची नोंद करायला हवी होती, पण वही सापडेना. ती मुलीच्या दप्तरात निघाली. मागची आठ-दहा पानं तिने त्रिकोणमितीच्या रफ कामाने भरून टाकली होती. पुढची पानं वाचलीस का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एकच वाचलं, बाबा. अक्षर फार घाण आहे तुमचं." पवननगरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोन वह्या आणल्या, एक तिला, एक मला.